पोटरी ते फुप्फुस : ९३ तास

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होणं. हा आजार उसळला की दिवसातून दहा-बारा वेळा रक्त आणि आव पडते. घरच्यांची आणि डॉक्टरांची नजर त्या रक्तावरच खिळून राहते. त्याच दिवसांत त्याच माणसाच्या पायातल्या शिरेत रक्त गोठू शकतं. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. पुढे आहे तो अशाच एका मृत्यूचा घटनाक्रम. यातली तरुणी कुणी एक व्यक्ती नव्हे. अशा रुग्णांच्या वैद्यकीय नोंदींत जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो, त्यावरून तिची हकिगत रचली आहे. तारीख-वार रचलेले आहेत. शरीरात जे घडतं ते मात्र असंच घडतं.

९३ तास आधी : रविवार, सकाळी ८.४०

बार्शीहून गाडी पुण्याकडे निघते. मागच्या सीटवर ३१ वर्षांची शिक्षिका पाय पोटाशी घेऊन पडली आहे, डोकं आईच्या मांडीवर. आजाराचं निदान होऊन सहा वर्षं झाली. त्याआधीचं दीड वर्ष मूळव्याधीच्या औषधांत गेलं होतं, आणि हे आपल्याकडे फार जणांच्या नशिबी येतं. या वेळी पाच आठवड्यांपासून त्रास वाढत गेला. वार्षिक परीक्षा तोंडावर होत्या, रजा मिळेना. तिने जुन्या चिठ्ठीवरून स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच सुरू केल्या. टेंभुर्णी गेली, इंदापूर गेलं. आई पाण्याची बाटली पुढे करते, ती मान हलवते. प्यायलं की लगेच जावं लागतं, आणि रस्त्यात बाईमाणसाची सोय कुठे?

घड्याळ इथूनच लावायला हवं, इस्पितळाच्या दारापासून नव्हे. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. आतड्याच्या दाहाचे, म्हणजे कोलायटिस आणि क्रोन्सचे, १३,७५६ रुग्ण आणि त्यांच्याशी ताडून पाहिलेली ७१,६७२ इतर माणसं. शिरांत गुठळी होण्याचा धोका या रुग्णांत एकूण ३.४ पट निघाला. आजार उसळलेला असताना तो आठ पटींवर गेला. सगळ्यात दचकवणारा आकडा घरी असलेल्या रुग्णांचा होता. आजार उसळलेला आहे पण इस्पितळात दाखल नाही, अशांचा धोका घरीच असलेल्या निरोगी माणसांच्या जवळजवळ सोळा पट.

हे वाचून कुणी हबकून जाऊ नये, म्हणून मूळ प्रमाणही सांगायला हवं. हजार रुग्ण वर्षभर पाहिले तर गुठळी होते ती सरासरी २.६ जणांना. आजार उसळून घरी असलेल्यांत हा दर ६.४ आहे. आजार उसळून इस्पितळात असलेल्यांत मात्र तो ३७.५ होतो. घरी असणाऱ्यांचा धोका पटीत मोठा दिसतो कारण घरी असलेल्या निरोगी माणसाला गुठळी क्वचितच होते. प्रत्यक्ष संख्येने मोठा धोका इस्पितळातल्या खाटेवर आहे, आणि ही गाडी निघाली आहे तिकडेच.

८६ तास आधी : रविवार, दुपारी ३.४०

अपघात विभागातून तिला वॉर्डात आणलं जातं. कालपासून बारा वेळा रक्ताची शौच, नाडी ११२, ताप १००.८, हिमोग्लोबिन ८.६, रक्तातलं अल्ब्युमिन उतरलेलं, प्लेटलेट्स ५ लाख ८० हजार. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली तीव्र कोलायटिसची कसोटी घालून दिली. दिवसातून सहा किंवा जास्त रक्ताच्या शौच, आणि जोडीला वाढलेली नाडी, ताप, रक्तक्षय यांतलं काही. ती कसोटी आजही चालते. निवासी डॉक्टर ती पाठ असल्यासारखी लावतो आणि उपचारही अचूक लिहितो. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी शिरेतून. सलाईन, त्यात पोटॅशियम. शौचाची जंतूंसाठी तपासणी. पोटाचा एक्स-रे.

सहावी ओळही तो लिहितो. एनोक्झापॅरिन ४० मिलिग्रॅम, रोज एकदा, पोटावर कातडीखाली. लिहून क्षणभर थांबतो. खाटेखालचं भांडं त्याने आताच पाहिलं आहे. बारा वेळा रक्त जाणाऱ्या मुलीला रक्त पातळ करणारं औषध? तो ओळीवर आडवी रेघ मारतो आणि बाजूला लिहितो, 'रक्तस्राव थांबल्यावर बघू.'

हा डॉक्टर निष्काळजी नाही, आणि मला त्याला तसं ठरवायचं नाही. त्याने जो विचार केला तो पहिल्यांदा ऐकणाऱ्या कुणालाही पटेल. पण तो चुकीचा आहे, आणि चुकीचा आहे हे अनेक वर्षांपासून ठाऊक आहे. प्रतिबंधासाठी दिलेल्या हेपारिनच्या (एनोक्झापॅरिन हे त्याचंच एक रूप) छोट्या मात्रेने कोलायटिसचा रक्तस्राव लक्षणीय वाढत नाही. रक्तदाब टिकून आहे, धो-धो रक्त जात नाही, तोवर शौचातून रक्त पडणं हे ते इंजेक्शन न देण्याचं कारण होत नाही. ब्रिटन-अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटना दाखल झालेल्या अशा रुग्णाला ते द्यावं असंच सांगतात.

१९९५ साली दहा रुग्णांची एक हकिगत प्रसिद्ध झाली होती. कोलायटिसच्या या रुग्णांना पूर्ण मात्रेत हेपारिन दिलं गेलं आणि सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण त्यांचं आतड्याचं दुखणंच कमी झालं. पुढच्या चाचण्यांत हेपारिन कोलायटिसवरचा इलाज काही ठरलं नाही. पण ज्याच्या भीतीने ते टाळलं जात होतं, तो रक्ताचा पूरही त्या चाचण्यांतल्या बहुतेक रुग्णांत दिसला नाही.

७२ तास आधी : सोमवार, पहाटे ५.४०

ती डाव्या कुशीवर झोपली आहे. डाव्या हाताला सलाईन, म्हणून रात्रभर फारशी हललेली नाही. डाव्या पोटरीच्या स्नायूत खोल एक शीर आहे. त्या शिरेत झडपा असतात, आणि झडपेमागे छोटा खिसा असतो. माणूस चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू दाबला जातो आणि रक्त वर ढकललं जातं. स्नायू निजून राहिला की त्या खिशातलं रक्त जवळजवळ थांबतं. कालव्याच्या शेवटाला पाणी मंदावलं की गाळ बसतो, तसं तिथं काही बसू लागतं.

बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खोने १८५६ साली गुठळ्यांवरचं आपलं काम एकत्र छापलं. पुढे त्याच्या नावाने तीन कारणांची जोडणी रूढ झाली. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेचं अस्तर बिघडणं, आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणं. या मुलीच्या पोटरीत तिन्ही हजर आहेत.

वेग खाटेने मंदावला. अस्तर बिघडवलं सुजेने, कारण आतड्यातला दाह आतड्यापुरता राहत नाही. त्याची रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात आणि दूरच्या शिरांचं अस्तरही चिकट करून सोडतात. तिसऱ्या कारणाची यादी सर्वांत लांब आहे. दाहाला प्रतिसाद म्हणून यकृत फायब्रिनोजेन जास्त तयार करतं. गोठण प्रक्रियेतला आठवा घटक वाढतो. प्लेटलेट्स वाढतात आणि अधिक चिडक्या होतात. रक्ताला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन एस ही प्रथिनं घटलेली असतात. तयार झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणाही मंदावते. त्यात पाच आठवड्यांचं शोषलेलं शरीर आणि स्टेरॉइडची भर.

म्हणजे आतड्यातून वाहणारं रक्त आणि पोटरीत गोठणारं रक्त ही एकाच दाहाची दोन टोकं. जिचं रक्त जातंय तिला गुठळीपासून संरक्षण आहे, असं समजायला शरीरात काहीच आधार नाही. उलट रक्त जास्त जातंय, म्हणजे दाह जास्त आहे, म्हणजे गोठण्याचा कलही जास्त.

पहाटे ५.४० ला त्या खिशात फायब्रिनचे काही धागे आणि त्यांत अडकलेल्या लाल पेशी एवढंच आहे. भात शिजायच्या आधीच्या तांदळाच्या दाण्याएवढं. काही दुखत नाही.

६८ तास आधी : सोमवार, सकाळी ९.४०

राउंड. वॉर्डच्या वरिष्ठ डॉक्टर, मॅडम, पोट तपासतात, छोटी दुर्बीण घालून आतडं बघायचं ठरतं. स्टेरॉइडने उतार पडला नाही तर पुढे काय, इन्फ्लिक्सिमॅब की शस्त्रक्रिया, याची चर्चा होते, नातेवाइकांना खर्चाची कल्पना दिली जाते. चर्चा नेमकी आहे, आस्थेची आहे. केसपेपरवरची खोडलेली ओळ कालच्या पानावर राहिली, आणि आज नवं पान सुरू झालं.

गुठळी टाळता येते हे सिद्ध करण्यात भारतीय वंशाच्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले शल्यचिकित्सक विजय कक्कर. त्यांच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मोठी शस्त्रक्रिया झालेले ४,१२१ रुग्ण होते. १९७५ साली निकाल आला. हेपारिन न दिलेल्यांत फुप्फुसातल्या गुठळीने १६ मृत्यू, कमी मात्रेत हेपारिन दिलेल्यांत २. त्या औषधाने, त्या छोट्याशा मात्रेने जगभरच्या शस्त्रक्रियांचं चित्र पालटलं.

आपल्या वॉर्डांत ते किती पोचलं? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतातल्या दहा इस्पितळांतले २,०५८ रुग्ण तपासले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना, ५३.६ टक्क्यांना, गुठळीचा धोका होता. धोका असलेल्यांपैकी योग्य प्रतिबंधक उपचार मिळाला १७.४ टक्क्यांना. औषध देशात होतं, दुकानात होतं. आपल्याकडे 'रक्ताच्या गुठळ्या हा गोऱ्यांचा आजार' असा समज दीर्घकाळ चालत आला, आणि तो डॉक्टरांच्या एका पिढीने पुढच्या पिढीला दिला. मला याचा राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

४८ तास आधी : मंगळवार, पहाटे ५.४०

शौच आठवर आल्या. ती घोट-घोट पाणी पिते, तेही आईने डोळे वटारल्यावर. गुठळी आता पोटरीतून गुडघ्यामागच्या शिरेकडे सरकते आहे.

३५ तास आधी : मंगळवार, संध्याकाळी ६.४०

"आई, पाय ठणकतोय गं."

"कुठला?"

"डावा. पोटरीत."

आई पदर खोचून पायथ्याशी बसते. पिशवीतून खोबरेल काढते आणि पोटरी चोळू लागते, जशी लहानपणी खेळून दमलेल्या लेकीची चोळायची. घरोघरी हेच करतात. त्या माउलीला कुणी सांगितलेलं नाही की असा एकाच पायाचा ठणका असेल तर तो चोळायचा नसतो, दाखवायचा असतो.

डावाच पाय का? पोटात खोलवर डाव्या पायाची मुख्य शीर उजव्या पायाच्या रोहिणीखालून जाते आणि मणक्यावर थोडी दाबली जाते. त्यामुळे डाव्या पायात गुठळी जास्त आढळते. ही रचना जन्मजात, सगळ्यांचीच.

सिस्टर निवासी डॉक्टरांना कळवतात. तो येतो, पाय पाहतो. सूज असेल तर अगदी थोडी, लाली नाही. सकाळच्या रिपोर्टात पोटॅशियम ३.१ आहे, आणि पोटॅशियम उतरलं की पायात गोळे येतात. तो सलाईनमधलं पोटॅशियम वाढवतो. टेप घेऊन दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला असता तर डावी दोन-अडीच सेंटिमीटरने जाड भरली असती. टेप वॉर्डात आहे, पोटाचा घेर मोजायला ठेवलेली. पायाच्या शिरांची डॉप्लर सोनोग्राफी खालच्या मजल्यावर होते, अर्ध्या तासाचं काम.

सगळ्या ९३ तासांत माझं मन सर्वांत जास्त अडतं ते इथे. आजार इथं बोलला होता, स्वतःच्या जागेवरून, आणि दोघांनी ऐकलंही होतं. आईने ते थकवा समजलं, डॉक्टरने पोटॅशियम. दोन्ही उत्तरं शक्य होती, म्हणून तिसरं कुणी शोधलं नाही.

२० तास आधी : बुधवार, सकाळी ९.४०

तिसऱ्या दिवसाचा हिशेब. स्टेरॉइड लागू पडतंय की नाही हे याच दिवशी ठरवतात. ऑक्सफर्डच्याच १९९६ सालच्या अभ्यासाची फूटपट्टी आहे. तिसऱ्या दिवशी आठाहून जास्त शौच होत असतील, किंवा तीन ते आठ शौच आणि सीआरपी, म्हणजे रक्तातलं दाहाचं मोजमाप, ४५ च्या वर असेल, तर आतडं काढावं लागण्याची शक्यता खूप मोठी. हिच्या पाच शौच, सीआरपी ३८. मॅडम हसून खांद्यावर हात ठेवतात. "छान. आतडं वाचलं तुझं." आई हात जोडते. बार्शीला फोन जातो, भगवंताला नारळ बोलला जातो.

आनंद खरा आहे. पण आतडं सावरतंय म्हणून रक्ताचा कल त्याच दिवशी मागे फिरत नाही. गुठळी मांडीच्या शिरेत पोचली आहे, बोटभर जाड, आणि तिचं वरचं टोक शिरेच्या भिंतीला न चिकटता प्रवाहात हलतंय. पाय आता कमी ठणकतो, म्हणून तिने राउंडमध्ये त्याचं नावही काढलं नाही. आज डॉप्लर झाली असती तर पूर्ण मात्रेत हेपारिन सुरू झालं असतं, आणि बहुतेक ती वाचली असती.

९ तास आधी : बुधवार, रात्री ८.४०

टॉयलेटहून परत येताना ती दाराला धरून उभी राहते. धाप लागली आहे. रात्रपाळीच्या सिस्टर बोटाला यंत्र लावतात. ऑक्सिजन ९३, नाडी १२४, ताप नाही. सिस्टरना हे खटकतं. सकाळी बरी झालेली मुलगी, ताप नाही, शौच कमी, मग नाडी वाढते कशी? त्या फोन करतात. पलीकडून उत्तर येतं, "हिमोग्लोबिन कमी आहे ना, उद्या रक्त चढवू. ऑक्सिजन लावून ठेवा."

गुठळीचा एक लहान तुकडा सुटून फुप्फुसाच्या एका फांदीत अडकला आहे. मोठ्या आघाताच्या आधी असा छोटा इशारा अनेकदा मिळतो. छातीचा सीटी अँजिओग्राम हीच आता तपासणी. डी-डायमर या गुठळीसाठीच्या रक्तचाचणीचा इथे उपयोग नाही, कारण दाहातही तो वाढलेलाच असतो. पण आधी कुणाच्या तरी मनात गुठळी हा शब्द यावा लागतो, आणि रविवारी दुपारी मारलेल्या रेघेनंतर तो या केसपेपरवर कुठेही आलेला नाही.

सिस्टर नोंद करतात: 'धाप. डॉक्टरांना कळवले.' रात्रीतून दोनदा उठून त्या तिची नाडी बघतात. खाली येत नाही.

शून्य : गुरुवार, पहाटे ५.४०

ती उठते. आई सोबत येऊ लागते, ती म्हणते, "झोप गं तू, जाते मी." टॉयलेटची कडी आतून लागल्याचा आवाज येतो. ती बसते, जोर करते, उभी राहते. पोटरीचा स्नायू दाबला जातो, मांडीतल्या शिरेतली गुठळी तुटते. पोटातली मोठी शीर, हृदयाचा उजवा कप्पा, आणि फुप्फुसाची रोहिणी दुभंगते ती जागा. सेकंदांचा प्रवास.

हृदयाचा उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो, कमी दाबावर काम करायला घडलेला. समोरची वाट बंद झाली की तो फुगतो, मधला पडदा डावीकडे ढकलतो, आणि डाव्या कप्प्यात भरायला रक्तच उरत नाही. आईला धप्प असा आवाज येतो.

दार उघडायला दोन मिनिटं जातात. नाडी लागत नाही. छातीवर दाब सुरू होतो, पडद्यावर ठोक्यांच्या रेषा दिसतात पण हाताला नाडी नाही. मॅडम घरून फोनवर आहेत. त्या एकच प्रश्न विचारतात, "पाय दुखत होता का कधी?" निवासी डॉक्टर म्हणतो, "हो, मंगळवारी." पलीकडे क्षणभर काही ऐकू येत नाही. मग, "अल्टेप्लेज दे. पन्नास. आत्ता."

गुठळी विरघळवणारं हे औषध रक्तस्राव असलेल्या रुग्णाला एरवी देत नाहीत. हृदय थांबलं असेल तर तो विचार मागे पडतो. रविवारी ४० मिलिग्रॅमच्या प्रतिबंधक इंजेक्शनला जो हात कचरला, त्याला आज त्याहून कितीतरी पट जोखमीचं औषध द्यावं लागतं. ते दिल्यावर तास-दीड तास दाब थांबवायचे नसतात, कारण विरघळायला वेळ लागतो. ते थांबत नाहीत. पाच जण आळीपाळीने दाब देतात, वॉर्डबॉयसुद्धा. ७ वाजून २५ मिनिटांनी मॅडम, आता समोर उभ्या असलेल्या, थांबायला सांगतात.

तीन तासांनंतर : सकाळी ८.४०

मॅडम आईवडिलांना खोलीत बसवतात. वडील रात्रीतून बार्शीहून निघाले होते, लेक बरी झाली म्हणून पेढे घेऊन. आईला एकच गोष्ट कळत नाही, आणि ती विचारते, "मॅडम, तिचं तर रक्त जात होतं. मग गोठलं कसं?"

मॅडम खुर्ची जवळ ओढून घेतात. "काकू, ज्या सुजेमुळे आतड्यातून रक्त जात होतं, तीच सूज शिरांत रक्त गोठवतही होती. पायात गुठळी झाली. पाय दुखला तो त्यामुळे. ती सुटून फुप्फुसात गेली. असं होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून पोटावर रोज एक इंजेक्शन द्यायचं असतं. आम्ही ते दिलं नाही."